समोरच्या मामांचा नाताळ

नाताळबाबा बाहेरून पांढराफटक असतो आणि त्याचा लाल रंग पोटात असतो, असं छातीठोकपणे सांगणारी पोरं जगाच्या पाठीवर फक्त सुरतेतल्या आमच्या भेस्तानमध्ये सापडतील, आणि या गैरसमजाला एकटे आमचे समोरचे मामा जबाबदार आहेत. चाळीतल्या एका चिमुरडीने शाळेत चित्रकलेच्या तासाला कोरा कागद दिसावा असा नाताळबाबा काढला. बाईंनी रंग कुठे आहे म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, आत आहे, उघडून बघा. बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं. मामांना हे कळलं तेव्हा त्यांना पोरीचं वाईट वाटलं, पण बाईंचं जास्त वाटलं. शिकलेली बाई, आणि चांगली बाजू आत घालायची असते एवढं तिला कोणी सांगितलं नाही, म्हणून ते दोन दिवस हळहळत होते.

मामा हे माझे सख्खे मामा नव्हेत. त्यांचं गाव आणि माझ्या आईचं माहेर एकाच नदीच्या दोन काठांवर, एवढ्या आधारावर आईने सुरतेत आल्या वर्षीच त्यांना राखी बांधली आणि मला मामा मिळाले. आमच्या समोरच्या खोलीत ते एकटे राहत. मार्केटात साड्यांच्या आणि कापडाच्या घड्या घालणं हे त्यांचं काम. लूमवर बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या कानात लूम चालूच असतो. मामा घरी येत तेव्हा त्यांच्या हातात घडी चालू असे. टॉवेल, वर्तमानपत्र, टेम्पोची फाटकी ताडपत्री, ताटातली पोळी, काहीही त्यांच्या हाताला लागलं की त्याचा चौकोन होई. दोरीवर वाळत घातलेला माझा शर्ट संध्याकाळी घरी येताना कितीदा तरी मला आमच्या उंबऱ्यावर सापडे, बटणं लावून, बाह्या मागे घेऊन, जणू आत्ताच दुकानात विकायला ठेवायचा आहे. आईने एकदा त्यांच्याकडे शेजारचं झोपलेलं पोर सांभाळायला दिलं, तर त्यांनी त्याच्यावर चादर अशी घातली की पोराऐवजी पार्सल ठेवलंय असं वाटावं.

आणि घडी घालायला त्यांना नेहमी दुसरा माणूस लागे. मार्केटात साडीची दोन टोकं दोघे धरतात, मध्ये भेटतात, पुन्हा लांब जातात. वर्षानुवर्षं तसं केल्यामुळे एकट्याने घडी घालणं मामांना चोरी केल्यासारखं वाटे. आमच्या चाळीतल्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला, वधूवरांनी हार उचलले, आणि मामा पुढे झाले. भटजींच्या हातातून त्यांनी तो अंतरपाट घेतला आणि सवयीने त्याचं दुसरं टोक जवळ जो उभा होता त्याच्या हातात दिलं. जवळ नवरदेव उभा होता. बिचाऱ्याने हार गळ्यात अडकवून टोक धरलं. नवरी हार घेऊन ताटकळली, अक्षता थांबल्या, वाजंत्री वाजवत राहिले, आणि मामांनी व नवऱ्या मुलाने मिळून अंतरपाटाची सुरेख घडी घातली. नवरीच्या मामाने नंतर तावातावाने विचारलं तेव्हा आमचे मामा शांतपणे म्हणाले, “साडी कधी एकटानी घडी व्हस का?” ती साडी नव्हती, हे त्यांना पटवण्यात अर्थ नव्हता.

डिसेंबर लागला की त्यांच्या खोलीपुढच्या ओट्यावर पोरं जमत. आई-बाप दोघं कामावर, कोणी लूमच्या खात्यात, कोणी घरीच साड्यांना लेस लावत बसलेली. पोरांना विचारतो कोण? ज्या शहराच्या साड्या सगळा देश नेसतो त्या शहरात या पोरांना बसायला एक बालवाडी नव्हती, आणि त्याबद्दल मी तेव्हा एक पत्रकही लिहिलं होतं. मामांनी पत्रक लिहिलं नाही, ओटा झाडला. पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या जोड्या लावून ते त्यांना मार्केटातल्यासारखे रांगेत बसवत, आणि वीतभर कागदाचं एक टोक एकाच्या आणि दुसरं टोक दुसऱ्याच्या हातात देत. कात्री नाही, खळ नाही. चौकोन कोपऱ्याकोपऱ्याने दुमडला की त्रिकोण, दोन त्रिकोण एकमेकांत अडकवले की चांदणी. लहान, मधला आणि मोठा असे तीन त्रिकोण एकाखाली एक बसवले की झाड. ते झाड कुठल्या जातीचं हे मामांना माहीत नव्हतं, म्हणून त्याला सगळे अशोक म्हणत. वरचा कोपरा खाली घेतला की टोपी, दोन बाजू आत घेतल्या की अंग, खाली उरलेलं टोक वर वळवलं की दाढी, पेन्सिलीचे दोन ठिपके दिले की नाताळबाबा बघायला लागला. नखाने दाबलेलं त्यांना चालत नसे. तळव्याने, सावकाश. कोणी घाई केली की ते म्हणत, “कागदले घाई करू नको, बेटा. तो बी थकस.”

साड्यांच्या खोक्यांतला एका बाजूने लाल, एका बाजूने पांढरा असा चकचकीत कागद ते मार्केटातून आणत, आणि तिथेच सगळा घोटाळा होई. कापडाच्या घडीत चांगली बाजू आत जाते, धूळ बसते ती उलट्या बाजूवर. मामांनी हा नियम नाताळबाबालाही लावला. “चांगली बाजू मझार,” असं ते प्रत्येक जोडीपाशी जाऊन सांगत, आणि लाल रंग आत गुडूप होई. लाल कागद संपला की आमच्या घरातली उरलेली पत्रकं जात. आमच्या घरात गहू नसले तरी पत्रकं असत. वडील वाटत, मी लिही, आई त्यावर पापड वाळवी. गुलाबी, पिवळी, हिरवी, त्यांवर ओव्हरटाइमच्या आणि हजेरी कार्डाच्या मागण्या. मी मामांना म्हणायचो की छापलेली बाजू बाहेर ठेवा, निदान येणारेजाणारे वाचतील. मामांना अक्षर येत नव्हतं, पण त्याचा मान मोठा होता. ते म्हणत की छापलेली म्हणजे चांगली, ती बाहेर कशी ठेवू? अशा रीतीने आमच्या सगळ्या मागण्या दर डिसेंबरात मामांच्या दारावर चांदण्यांच्या पोटात लटकत राहत. मालकांनी त्या वाचल्या नाहीत त्यात मामांचाही थोडा हात आहे.

कोणी विचारेल की खानदेशातल्या या माणसाला नाताळाचं काय पडलं होतं? चाळीत विचारतच होते. आमच्या भिंतीला लागून राहणारा परभणीकडचा एक जण त्यांना रोज छेडी, की मामा, बाटलात का, आता पाव खाणार का? मामा त्याला कागदाचं टोक धरायला लावत आणि उत्तर देत नसत. उत्तर मला माहीत होतं, कारण आईला माहीत होतं. मामांच्या मुलीने दवाखान्यात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं होतं. जातीची माणसं बसली. त्यांनी ठरवलं की पोरगी मेली असं समजून तिचा दहावा करा, नाहीतर तुमच्याशी रोटी बंद, पाणी बंद. मामांची बायको आणि मुलगा तयार झाले. मामा त्या बैठकीत एवढंच म्हणाले होते, “जित्ती पोर शे मनी. जित्ती पोरना दहावा कसा करू?” दहावा त्यांच्याशिवाय झाला. जिवंत लेकीच्या नावाने पाणी सोडायला लावणारी ती माणसं आजही गावात पुढच्या रांगेत बसतात, कोणी त्यांना उठवत नाही. उठावं लागलं ते मामांना. ते सुरतेला आले आणि समोरच्या खोलीत राहिले.

मग एकदा गावाकडून आलेल्या एका ट्रकवाल्याबरोबर मुलीचा निरोप आला, की ती वऱ्हाडाच्या पार टोकाला एका दवाखान्यात असते, तिला मुलगी झाली आहे, आणि सवडीने एकदा ती येऊन जाईल. मामांनी आपलं सुरतेतलं ठिकाण त्याच ट्रकवाल्याकडून उलट कळवलं. पुढे तो ट्रकवाला दिसला नाही. केव्हा येईल हे निरोपात नव्हतं, पण मामांना त्याची गरज वाटली नाही. खानदेशातली लेक माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येते. कडक वैशाखात, लिंबाला झोके बांधलेले असतात, घरात आमरस आणि पुरणाचे मांडे असतात, तेव्हा. हे लहान पोरालाही माहीत असतं. पण त्यांची मुलगी आता नाताळवाल्यांच्या घरची झाली होती. म्हणजे तिची आखाजी सुटली आणि तिच्या जागी नाताळ आला, असा हिशेब मामांनी मांडला, आणि तो इतका सरळ होता की त्यात कोणालाच चूक दिसली नाही. आईलाही नाही, मलाही नाही. नात पहिल्यांदा आजोळी येणार आणि आजोळी तिचा सण नाही, हे त्यांना बघवलं नसतं. म्हणून त्यांनी नाताळ शिकायला घेतला.

शिकायला ते शहरातल्या एका चर्चपुढे जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत. आत न बोलावता कसं जायचं? फाटकाबाहेरून जेवढं दिसलं तेवढं डोळ्यांत घेऊन आले: चांदणी, झाड, घंटा, आणि दाढीवाला म्हातारा. म्हाताऱ्याने त्यांना फार विचारात टाकलं. चार ठिकाणी चौकशी केल्यावर त्यांना कळलं की हा म्हातारा थंडीत लांबून येतो आणि लहान पोरांना खाऊ देऊन जातो. मामा परत आले ते खूश होऊन. म्हणाले, तो त्यांच्यातला आजा असणार. “आपलामा पोर माहेर येस. त्यासनामा आजाच पोरंसकडे जास.” मी म्हटलं, मग तुम्हीच जा की मामा, असे दाराशी का बसता? ते बराच वेळ हातातला कागद तळव्याने दाबत राहिले. मग म्हणाले की गाव माहीत असतं तर गेलो असतो. वऱ्हाडाचं टोक केवढं मोठं आहे हे त्यांनी एका रेल्वेच्या माणसाला विचारून ठेवलं होतं.

नाताळच्या दिवशी ते मार्केटात खाडा करत. दारावर पांढऱ्या चांदण्या, खिडकीत अशोकाची झाडं, पाणी भरून ठेवलेला नवा माठ. सुरती नानखटाई आणलेली असे. सकाळपासून पोरं आत-बाहेर करत, नानखटाई खात, नाताळबाबाचं पोट उघडून लाल रंग बघत आणि पुन्हा घडी घालत. मामा ओट्यावर स्टेशनकडच्या रस्त्याला तोंड करून बसत. प्रत्येक रिक्षा थोडी हळू झाली की त्यांची मान वर होई. दुपार झाली की आया पोरांना हाका मारत, पोरं पांगत. संध्याकाळी खात्यांच्या पाळ्या बदलत आणि रस्ता माणसांनी भरून जाई, तेव्हा त्यांना रस्त्याचं टोक दिसेनासं होई आणि ते उठून उभे राहत. मग रस्ता रिकामा होई. मी एकदा पाहिलं, पोरं गेल्यावर ते आत एकटेच एक उरलेला कागद दुमडत होते. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी ते पायाच्या अंगठ्याखाली धरलं होतं. मला बघून त्यांनी पाय उचलला आणि कागद उडाला. मी आत गेलो नाही. पुढच्या वर्षी पुन्हा चांदण्या, पुन्हा माठ. येणार आहे, म्हणत. दवाखान्याचं काम आहे, सुट्टी मिळाली नसेल.

आखाजीचं मात्र त्यांनी नाव काढायचं नाही. आखाजी आली की आमची चाळ ओस पडते. बायका-पोरं आधी जातात, पुरुष मागून. दारोदार कुलपं, ओट्यावर कुत्री. मामा गावी जात नसत. आखाजीला आमच्याकडे वारलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, आणि मामांच्या घरी त्यांच्या लेकीच्या नावाची घागर भरली जाई. ते बघायला कुठला बाप जाईल? पण रिकाम्या चाळीत बसणंही त्यांना होत नसे. सगळ्यांच्या लेकी माहेरी निघालेल्या, तेच बोलणं, त्याच पिशव्या. म्हणून ते खोलीला कुलूप लावून तीन-चार दिवस जवळच्या सचिन गावाला जात. तिथल्या एका कारखान्यात घडीवाले सुट्टीवर गेलेले असत, मालकाला माणूस हवाच असे. तिथेच कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपत आणि चाळ भरू लागली की परत येत.

एका वर्षी आखाजीला मी गावी गेलो नाही. एका सभेचं पत्रक छापून घ्यायचं होतं आणि मजुराला सणाची सुट्टी भरपगारी मिळाली पाहिजे हे लिहिण्यासाठी मी माझी सुट्टी घालवत होतो. दुपारी दारात बसून मुद्रितं तपासत असताना एक बाई समोर येऊन उभी राहिली. कडेला पिशवी, बोटाला पाचेक वर्षांची मुलगी. ती मामांच्या कुलपाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. बघितलं आणि ती परत वळली. मी उठून विचारलं, कोण पाहिजे? ती बिचकली. मी मामांच्या मानलेल्या बहिणीचा मुलगा आहे हे सांगितल्यावर ती ओट्यावर टेकली. म्हणाली, “दर आखाजीला येते, भाऊ. हे तिसरं वर्ष. दर वर्षी कुलूप.”

मी म्हटलं, चिठ्ठी ठेवायची, कोणाला सांगायचं. ती म्हणाली की सांगायला चाळीत माणूस नसतं, आणि चिठ्ठी कोणासाठी ठेवू? आबांना वाचता येत नाही, आणि जो वाचून दाखवेल तो कसा निघेल काय सांगावं. मग म्हणाली, “मला वाटलं आबा घरी जात असतील आखाजीला. आईकडे. तिथे माझी घागर भरतात, मला माहीत आहे. वाटलं, आबाही भरत असतील.” हे बोलताना ती मुलीच्या चपलेचा पट्टा लावत होती, वर बघत नव्हती. मग नाताळला का आली नाहीस, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तर दवाखान्यात आणि सासरी पाहुण्यांची गर्दी, ती म्हणाली, आणि माहेरी कोण जातं नाताळला? माहेरी आखाजीला जातात.

मी त्यांना आमच्या घरात बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि सायकल काढली. भेस्तान ते सचिन तेव्हा उन्हात किती लांब होतं हे माझ्या पायांनाच माहीत. मामा शेडमध्ये एकटे होते. पांढऱ्या कापडाचा डोंगर, आणि त्यापुढे ते. मी धापा टाकत सांगितलं, मामा, पोरगी आलीय. नातीला घेऊन आलीय. त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, “आज कशी उनी? आज तर आखाजी शे.” मी म्हटलं, आखाजी आहे म्हणूनच आली. दर आखाजीला येते. ते तिथेच खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, दर? मी हो म्हटलं. कापड तसंच पसरलेलं टाकून ते उठले. मामांनी घडी अर्धी टाकलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

सायकलवर पुढच्या नळीवर बसून ते आले. वाटेत त्यांनी मला दोनदा थांबवलं, एकदा आंबे घ्यायला आणि एकदा नुसतंच. चाळीत पोचलो तेव्हा मुलगी दारात उभी होती. दोघं एकमेकांसमोर आले आणि दोघांनाही काय करायचं ते कळलं नाही. मग तिने वाकून नमस्कार केला आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर जो बसला तो काढायचं ते विसरून गेले. छोटी त्या दोघांच्या मधून वर बघत होती. तिने आईला विचारलं, “हेच का कुलूपवाले आजोबा?” आई तिला गप्प करायला लागली, पण मामाच म्हणाले, हो, तेच.

त्यांना तासभर मिळाला. वऱ्हाडाकडे जाणारी तापी लाइनची संध्याकाळची गाडी उधना स्टेशनातून होती आणि दुसऱ्या दिवशी मुलीची कामाची पाळी. त्या तासात मामांनी आंब्याचा रस काढला, आमच्या घरातली कणीक आमच्याच परातीत मळली, आणि चाळीत झोका बांधायला झाड नाही म्हणून तीन वेळा माफी मागितली. कागदाला त्यांनी हात लावला नाही. नातीला मांडीवर घेऊन ते बसले होते. ती दवाखान्यातल्या मांजरीबद्दल काहीबाही सांगत होती आणि मामा इतकं लक्ष देऊन ऐकत होते की मांजरीचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मी गाडीवर सोडायला गेलो. मामा आले नाहीत. म्हणाले, जाताना बघायचं नाही.

त्यानंतर ती दोनदा आली, दोन्ही वेळा आखाजीला, दोन्ही वेळा एका दिवसापुरती. मामांनी सचिनला जाणं सोडलं. तिचं गाव आता माहीत होतं, पण लेकीच्या सासरी न बोलावता कसं जायचं, म्हणत. ओस पडलेल्या चाळीत एकच दार उघडं असे. डिसेंबरातला ओटा मात्र चालू राहिला. आता कशाला, असं परभणीकरांनी विचारलं, तर म्हणाले की पोरं येतात ना. पण पोरंही वाढली. एकेक शहराच्या दुसऱ्या टोकाला कोसाडकडे राहायला गेलं, एकेक बापाबरोबर खात्यात जायला लागलं, जे वय शाळेत असायचं त्या वयात. मी त्यावरही लिहिलं.

यंदा आखाजीला गावी न जाता मी मुद्दाम चाळीत मामांकडे गेलो. मामा ओट्यावर बसले होते, स्टेशनकडे तोंड करून. दुपार उलटली होती. ती आली नव्हती. सासू आजारी असेल, रजा नसेल, काही असेल. आत रस झाकून ठेवला होता. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, मामा, ऊन फार आहे, आत चला. ते हलले नाहीत. चाळीत दुसरं कोणी नव्हतं, लूमही बंद होते, इतकं शांत भेस्तान मी कधी ऐकलं नव्हतं. मग ते माझी समजूत घालावी तसं म्हणाले, “वाट कोणता दिन पहानी, ते तर आते माले माहीत शे.”